पत्र्याचं घर, एक म्हैस, चार शेळ्या आणि हातात तीन हजार: थंडीआधी काय करू?

मंद्रूपकडची

नमस्कार मंडळी. आम्ही दक्षिण सोलापूरला, मंद्रूपच्या पुढे आत वस्तीवर राहतो. दिवाळी झाली, दुपारी अजून पंखा लागतोय, पण पहाटे अंग गारठायलंय. दरवर्षी असंच होतं. सोलापूरला कसली थंडी म्हणत मार्गशीर्ष येतो, मग एका रात्रीत पारा दहा-बारावर आला की पळापळ. यंदा आधीच विचारून ठेवावं म्हटलं.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. सासूबाईंना दमा आहे, आणि गुडघे थंडीत धरतातच. खाटेवर झोपा म्हटलं तर ऐकत नाहीत, जमिनीवरच पाठ टेकते म्हणतात. मालकांची एक आठवडा सोडून रात्रीच्या लाईटची पाळी असते, तेव्हा गव्हाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला जावं लागतं. पहाटे परत येतात ते गुडघ्यापर्यंत भिजून.

जनावरं म्हणजे एक पंढरपुरी म्हैस, गणपतीत व्यालेली. चार उस्मानाबादी शेळ्या, त्यातल्या दोन गाभण. एक येळवसेच्या (मार्गशीर्ष अमावास्येच्या) आसपास व्येईल, दुसरी संक्रांतीला. सात-आठ गावरान कोंबड्या, त्यातली एक खुडूक होऊन अंड्यांवर बसलीय. आणि एक कुत्रं. ते कुणाचं ते विचारू नका, आमच्याच दारात असतं.

गोठा घराच्या मागच्या भिंतीला टेकवलेला, वर चार पत्रे, उत्तर आणि पूर्व उघडी. खाली माती. म्हैस वरच्या अंगाला बांधतो, तिचं मूत वाहत शेळ्यांच्या बाजूला येतं. गेल्या पौषात एका शेळीची जुळी करडं आठवडाभरसुद्धा काढली नाहीत. सकाळी बघावं तर ताठ. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती, तेवढ्यासाठी तरी यंदा नीट व्हावं असं वाटतं.

सोयाबीनचे पैसे उधारीत गेले, तूर निघायला जानेवारी. तोवर हातात तीन हजार, त्यात घर पण आलं. दीर म्हणतात गोठ्यात दोनशे वॅटचा बल्ब लाव. शेजारच्या आजी म्हणतात घमेल्यात निखारे ठेव, आमच्या सासूनं तेच केलं. दुकानदारानं चारी बाजूंनी ताडपत्रीचा हिशेब करून दिला तो माझ्या तीन हजारांच्या वर गेला. आधी काय करू आणि काय अजिबात नको, एवढं सांगा.


माणदेशी काकी

लेकी, ताडपत्रीवाल्याला पहिलं नाही म्हणून ये.

मी सांगोल्याकडची. आमच्याकडं माळावर आडोसा म्हणजे बाभळ, आणि शेळ्या-मेंढ्या सासऱ्यांच्या वडलांपासून. कोरड्या जागेवर बसलेली, वारा न लागणारी उस्मानाबादी शेळी आपल्याकडची थंडी आरामात काढते. अंगाखाली ओल आणि अंगावरून वारा असं दोन्ही एकदम झालं की मग बारा-तेरा डिग्रीतसुद्धा करडू टिकत नाही. तुझ्या गोठ्यात दोन्ही आहे, तूच लिहिलंयस. तेव्हा पैसा ऊब विकत घेण्यात घालू नको. आधी ओल काढ, मग वारा अडव. एवढं झालं की बल्बाची गोष्ट कुणी काढणार नाही.

ओलीचं काम फुकटातलं आहे, फक्त मालकांना एक रविवार घरी ठेव. म्हशीची आणि शेळ्यांची जागा बदल, शेळ्या वरच्या अंगाला, म्हैस उताराला. दोघींच्या मध्ये वीतभर रुंद नाली काढा, ती थेट उकिरड्याकडं जाऊ दे. शेळ्यांच्या जागेची वरची काळी, वास मारणारी माती चार-सहा बोटं खरवडून उकिरड्यावर टाक, तिचं सोन्यासारखं खत होतं. त्या जागी मुरूम. विकत आणायची गरज नाही, तुमच्याकडं कुणी ना कुणी शेततळं किंवा विहीर काढलेली असते, त्याच्या ढिगातला बैलगाडीभर आण. पाणी मारून चोपणं मात्र नीट करा. वरून चुलीची चाळलेली राख पसर. राखेनं ओल शोषते आणि उवा-पिसवाही कमी होतात, थंडीत शेळीच्या दाट केसांत उवा फार होतात.

त्यावर अंथरूण. तुरीचं भुसकट शेळ्या खातील, म्हणून ते गव्हाणीत. खाली उसाचं पाचट नाहीतर शेंगांची फोलपटं टाक. सोलापुरात शेंगा फोडणारे असतात, त्यांच्याकडं पोत्यानं मिळतात. रोज सकाळी शेळ्या सोडल्या की अंथरूण पायानं उलथायचं, ओलं तेवढं काढायचं, वर कोरडं टाकायचं. रोज सगळं उपसत बसू नको, आठवड्याला एकदा उपसलं तरी चालतं.

आता वारा. थंडीत आपल्याकडं वारं उत्तरेचं आणि पूर्वेचं, म्हणजे तुझ्या नेमक्या उघड्या दोन बाजूंचं. तिथं आडोसा कर, पण छतापर्यंत नको. शेळी उभी राहिली की तिच्या पाठीच्या वर हातभर जाईल एवढाच. वरची जागा मोकळी राहू दे. रात्रभर जनावरांच्या श्वासाची वाफ आणि मुताचा वास वर जाऊन बाहेर पडला पाहिजे. सगळं गच्च बांधलं की ती वाफ पत्र्याला लागून पहाटे पाणी होऊन त्यांच्याच पाठीवर टपकते, आणि मुताच्या वासानं फुप्फुसं धरतात. त्याची परीक्षा सोपी आहे. पहाटे गोठ्यात जाऊन शेळीच्या उंचीला, गुडघ्यावर बस आणि चार श्वास घे. नाकात झणका आला तर आडोसा जास्त झाला, गालाला वारं लागलं तर कमी. उभं राहून कळत नाही, माणसाचं नाक शेळीच्या नाकापेक्षा दोन हात वर असतं.

आडोशाला काय लावायचं? पावसाळ्यानंतर गेल्या सालच्या तुराट्या राहिल्या असतील तर सगळ्यात उत्तम, कूड घाल आणि शेणमातीनं दोन्ही बाजूंनी लिंप. सरपणाला तुराट्या हव्यात म्हणशील, तर मग फ्लेक्स. गावात वाढदिवसाचे, निवडणुकीचे, सप्त्याचे फ्लेक्स कार्यक्रम झाला की तसेच लोंबत असतात. ज्याचा आहे त्याला विचारून आण, कुणी नाही म्हणत नाही. आमच्या गोठ्याच्या उत्तरेला सध्या एका नेत्याचा हात जोडलेला फोटो आहे. आतल्या बाजूला बारदान शिवून घे, नाहीतर शेळ्या फ्लेक्सच कुरतडतात आणि प्लास्टिक पोटात गेलं की वेगळी ब्याद. खालची कड जमिनीत माती ओढून दाब, वारं खालूनच शिरतं आणि करडू खालीच असतं. पूर्वेचा पडदा वर गुंडाळता येईल असा बांध. ऊन आलं की वर करायचा, कोवळं ऊन थेट अंथरुणावर पडलं पाहिजे.

करडांसाठी वेगळं डालगं ठेव. आत पाचट, त्यावर बारदानाचा तुकडा, वरून अर्धं झाकलेलं. दोन करडं एकमेकांना चिकटून बसली की आतली हवा आपोआप उबते. डालगं आईच्या नजरेसमोर ठेवायचं, नाहीतर ती ओरडून वस्ती जागी करते. आणि रात्री एकदा उठून पाजायचं. उठायचा कंटाळा करू नको.

म्हशीला दोन बारदानं उभी शिवून झूल कर. पुढं छातीवर आणि मागं शेपटीखालून सुतळीनं बांध, पोटाखालून आवळू नको. रात्री नऊला घालायची, उन्हं वर आली की काढून वाळत टाकायची. ओली झूल अंगावर ठेवण्यापेक्षा उघडी म्हैस बरी. अंघोळ दुपारी, तीही रोज नको.

घमेल्यातले निखारे गोठ्यात नकोत. शेजारच्या आजींच्या सासूनं केलं असेल, तेव्हा गोठे कुडाचे होते, आरपार वारा होता. आता पत्रा, फ्लेक्स, पाचट, आणि मधे लाथ मारणारी म्हैस. तूच बघ.

माझ्या हिशेबानं बारदानं, सुतळी, दोन-चार वासे धरून हे हजार-बाराशेत बसावं. मालकांसाठी मात्र पैसे काढ. दारं धरायला जाणाऱ्याला गमबूट लागतातच, आणि अंगावर जुनं का होईना घोंगडं. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, सुती चादर भिजली की अंगातली ऊब ओढून घेते. जत्रेत नवं घोंगडं महाग मिळतं. धनगरवाड्यात कुणाकडं वापरलेलं विचार.


पूर्वभागातला

वैनी, गोठ्याचं काकींनी सांगितलंय, मी घराचं सांगतो. मी शहरात पूर्व भागात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, म्हणून मला कापडाचं कळतं, शेळीचं शून्य.

फरशीवर झोपणाऱ्याला वरून किती पांघरलं यापेक्षा खाली काय आहे ते बघा. शहाबादी फरशी रात्रभर अंगातली ऊब पीत राहते. लोक वर तीन चादरी घेतात, खाली एक सतरंजी. उलटं करा, खाली तीन थर, वर दोन. सगळ्यात खाली प्लास्टिकची चटई, फरशीची ओल अडते. तिच्यावर पुठ्ठा. किराणा दुकानातले मोठे खोके उघडून सपाट करा, दोन थर आडवे-उभे. पुठ्ठ्याच्या पन्हाळ्यांत हवा अडकलेली असते, तीच ऊब धरते. त्यावर वाकळ. बारदान मात्र घरात आणू नका वैनी, गोठ्याला ठीक आहे, सासूबाईंना दमा आहे अन् तागाची धूळ फार उडते. घोंगड्याचंही तेच, त्यांना उघडं देऊ नका, द्यायचंच तर जुन्या लुगड्याच्या खोळीत घालून. पुठ्ठा अन् वाकळ दर दोन-तीन दिवसांनी उन्हात टाकत चला, आपल्याकडं दुपारचं ऊन थंडीत पण कडक असतं, त्याचा उपयोग करून घ्यायचा.

पांघरायला सोलापुरी चादर आहेच घरात, असणारच. चादर नुसती घेतली तर विणीतून वारं जातं. दोन चादरींच्या मध्ये जुनी नायलॉनची साडी घालून कडेनं टाके मारा. साडी वारं अडवते, चादरी हवा धरतात. आमच्या आईची रीत आहे ही, आमच्याकडं अजून तेच पांघरतात.

पत्र्याखाली छत लावा. मांडवाला लावतात तसं, जुन्या साड्या जोडून पत्र्यापासून हातभर खाली ताणून बांधायचं. पत्रा रात्री आकाशाकडं ऊब फेकून गार होतो अन् ती गारठ थेट खाली उतरते. मधे कापड आलं की फरक जाणवतो, पहाटेचे थेंबही अंगावर येत नाहीत. चूल असलेल्या खोलीत मात्र अजिबात नको, ठिणगी उडाली की संपलं. अन् थर्माकोल लावा म्हणून कुणी सांगेल, तेही नको, पेटतं ते विझत नाही.

कारखान्यांतून डागी माल, कटपीस टॉवेल किलोवर मिळतो. एमआयडीसीत दोन-चार ठिकाणी गेटवर विचारा, रविवार सोडून. किलोभरात बरेच तुकडे येतात. पोरांच्या कानाला, पायाला, खिडकीच्या फटीला, अन् काकी म्हणतात त्या करडांना पुसायला. टेरीचं कापड पाणी पटकन ओढतं.


निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

ताई, गेल्या वर्षीच्या जुळ्यांबद्दल आधी. पहिल्या आठवड्यात सकाळी ताठ सापडलेलं करडू बरेचदा रात्रभर उपाशी असतं. जुळ्यांत एक दांडगं दुसऱ्याला सडाला लागू देत नाही, किंवा शेळीचा एक सड बंद असतो. नवजात करडाच्या अंगात चरबी अगदी थोडी असते, ती काही तासांत जळून जाते आणि पोटात दूध नसेल तर थंडी फक्त शेवटचा धक्का देते. म्हणून आडोशाइतकंच महत्त्व चिकाला, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधाला.

शेळी व्याली की करडू कोरडं करा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा, दोन्ही सडांतून पहिली धार पिळून बघा की वाट मोकळी आहे, आणि तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. दिवसभरात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. उस्मानाबादी करडू दोन-अडीच किलोचं असतं, म्हणजे दोनशे ते अडीचशे मिली, चार-पाच वेळा विभागून. शेळीला भरपूर चीक असेल तर उरलेला स्वच्छ बाटलीत, शक्य असेल तिथं फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवून द्या. संक्रांतीच्या शेळीला कमी पडला तर कामाला येतो. तापवताना उकळू नका, फाटतो. भांडं कोमट पाण्यात ठेवा.

करडू गार पडलेलं दिसलं तर तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं आणि ते मान धरत नसेल तर लगेच दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. आधी गरम करा. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना, अंगावर कोरडा टॉवेल. मान उचलून चोखायला लागलं की मग पाजा. दीडशे-दोनशेचा साधा डिजिटल थर्मामीटर जरूर घ्या. शेळीचं तापमान 102 ते 103 फॅरनहाइट असतं. करडाचं 100 च्या खाली गेलं तर त्याला ऊब हवी, शेळीचं 104 च्या वर गेलं तर आम्हाला फोन.

लसी आणि जंताचं औषध आताच. आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन शेळ्या-करडं दगावतात त्या रोगाची) लस व्यायच्या साधारण महिनाभर आधी दिली तर तिची ताकद चिकातून करडांना मिळते. येळवसेला व्येणाऱ्या शेळीची वेळ हीच आहे. गाभण शेळीला जंताचं कोणतंही औषध आपल्या मनानं पाजू नका, काही औषधं गाभणपणात चालत नाहीत, दवाखान्यातून घ्या. म्हशीची लाळ्या खुरकुताची लस सहा महिन्यांनी असते, सरकारी मोहिमेत फुकट मिळते. चुकली असेल तर नोंदवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा नंबर आहे.

म्हशीचं एक वेगळं आहे. म्हैस थंडीच्या दिवसांतच चांगली माजावर येते, आणि पुष्कळदा मुका माज असतो, ओरडत नाही. गणपतीत व्यालेली म्हणजे आता लक्ष ठेवायचे दिवस आहेत. रात्री झूल घालताना आणि पहाटे काढताना मागं सोट (माजाचा चिकट, पारदर्शक स्राव) दिसतो का बघा, त्या वेळीच दिसतो. हा हंगाम गेला तर उन्हाळ्यात म्हैस माज दाखवत नाही आणि वर्ष वाया जातं. तुमच्या तीन हजारांपेक्षा मोठा हिशेब इथं आहे.

पाणी. थंडीत जनावर गार पाणी कमी पितं आणि दूध उतरतं. पाणी तापवायला सरपण घालवू नका. टाकीत रात्रभर राहिलेलं पाणी गार असतं, बोअरचं ताजं पाणी कोमट येतं. लाईट असेल तेव्हा बोअर चालू करून तेच पाजा, दिवसातून दोनदा-तीनदा. चिमूटभर मीठ घातलं तर जास्त पितात. रात्रीची वैरण कोरडी द्या, कडब्याची कुट्टी, तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट. पोटात कोरडा चारा आंबताना उष्णता तयार होते, ती रात्रभर पुरते. यंदाचा कडबा यायला अजून वेळ आहे आणि जुना महाग आहे, म्हणून कुट्टी कराच. अख्खा टाकला तर बुडखे तसेच उरतात.

दोन धोके. लसूण घासावर दव असताना कापून घालू नका, पोट फुगतं. उन्हं आल्यावर, तेही आधी थोडी कोरडी वैरण देऊन. आणि पाणी कमी पडून खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा कापलेल्या ज्वारीचे नवे फुटवे शेळ्यांना खाऊ देऊ नका, किराळ लागते, म्हणजे त्या ज्वारीतलं विष चढतं. जनावर तासाभरात जातं, दवाखाना गाठायला वेळ मिळत नाही. निसवून फुलोऱ्यात आलेल्या ज्वारीत तो धोका बराच कमी होतो.

निखाऱ्यांबद्दल काकींचं बरोबर आहे. घरातही दारं-खिडक्या लावून शेगडी ठेवू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइडला) ना रंग ना वास. दमेकरी माणसाला तर धूरच पुरेसा आहे. अंघोळीचं पाणी अंगणातच तापवा.


खुराडंवाला मोहोळ

कोंबड्यांचं कुणीच बोललं नाही म्हणून. दिराच्या बल्बाला थोडा मान इथं द्या, पण थोडाच. खुडूक कोंबडी पिल्लं काढणार असेल तर बल्ब लागत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला पस्तीस डिग्री ऊब लागते आणि ती आईच्या पोटाखाली फुकट असते. तिला जमिनीवर ठेवू नका. चार विटांवर फळी, त्यावर डालगं, वरून बारदान, बाजूनं वीतभर उघडं. मांजर-मुंगसाचा बंदोबस्त म्हणून डालग्यावर दगड. बल्ब तेव्हा, जेव्हा मशीनमधली पिल्लं आणली जातात, आई नसते तेव्हा.

मोठ्या कोंबड्या डिसेंबरात अंडी कमी देतात ते थंडीनं कमी, दिवस लहान झाल्यानं जास्त. आपल्याकडं तेव्हा दिवस जेमतेम अकरा तासांचा. सात-आठ गावरान कोंबड्यांसाठी लाईटबिल वाढवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही, पिसं झाडून विश्रांती घेऊ द्या. काय म्हणाल ते म्हणा, दोनशेचा बल्ब पाचटावर लोंबकळत ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस मात्र पिल्लं पाच-सात दिवसांची झाली की डोळ्यात थेंब. कुपी शंभर किंवा जास्त पिल्लांची येते, फोडली की ठेवता येत नाही. वस्तीवर चार घरं मिळून एकच आणा, बर्फात आणा.


मंद्रूपकडची

सगळ्यांचे लई उपकार. काकी, रविवारी नाली काढली. म्हशीनं जागा बदलल्याचा राग धरून दोन वेळचं दूध चोरलं, आता रुळलीय. पहाटे गुडघ्यावर बसून बघितलं, झणका इतका होता की डोळ्यात पाणी आलं, ही मुरूम टाकायच्या आधीचीच गोष्ट आहे. आता दीर हसायचे थांबलेत, काल ते स्वतः बसून बघायलते.

दादा, पुठ्ठ्याचं सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या मी काय पार्सल आहे का. पण झोपल्या, आणि सकाळी खोके अजून आण म्हणाल्या. टॉवेलच्या तुकड्यांना पुढच्या आठवड्यात सोलापूरला जाणाऱ्या जीपमधून जाईन.

साहेब, म्हशीचं तुम्ही सांगितलं नसतं तर लक्षातच आलं नसतं. मालक आता रोज झूल काढताना बघतात. शेळीला लस सोमवारी दिली.

हिशेब असा बसला: बारदानं, सुतळी, वासे साडेआठशे. गमबूट साडेतीनशे. थर्मामीटर, आयोडीन, जंताचं औषध मिळून चारशेच्या आत. उरलेल्यात सरकी पेंड आणि खनिज मिश्रण आणलं, गाभण दोघींना. थोडे पोरांच्या स्वेटरला ठेवलेत, नाहीतर संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत मागत बसतात.

एकच राहिलं. बारदानं चार कमी पडली. घरात युरियाची रिकामी पोती ढीगभर आहेत, ती लावली तर चालतील का? आणि कुत्र्याला काय करू, ते नव्या पाचटावर जाऊन झोपायलंय.


माणदेशी काकी

युरियाची आतून लावू नको. शिवणीत दाणे अडकलेले असतात, शेळ्या चाटतात आणि युरिया पोटात गेला की फेस येऊन तडफडतात. लावायचीच तर उलटी करून दोन-तीनदा धुऊन, वाळवून, बाहेरच्या बाजूनं, फ्लेक्सच्या मागं. औषध लावलेल्या बियाण्याची पिशवी तर धुऊनसुद्धा नको, ती जाळू पण नको, दुसऱ्या कशालाही वापरू नको. बारदानं हवी असतील तर आडतीवर जा. तूर-हरभऱ्याची फाटकी पोती ते स्वस्तात देतात, ठिगळ आपण लावायचं.

कुत्र्याला गोठ्याच्या दाराशी, पडद्याच्या आतल्या अंगाला एक पोतं पाचट भरून टाक. शेळ्यांच्या अंथरुणावर नको, गोचीड एकाची दुसऱ्याला लागते. व्यायच्या दिवसांत त्याला रात्री बाहेर बांध, व्याल्यावर पडलेली वार (जार) खायला जातं आणि शेळी बुजते. आणि करडं झाली की इथं कळव, नर आहेत का माद्या तेही लिही. मला मादी हवी आहे एक.